मरणानंतरची कागदपत्रे तयार. मरणाआधीच्या दिवसांचे काय?

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क : हिवाळा सुरू झाला की येथील ग्रीन कम्युनिटीच्या तळ्याकाठी संध्याकाळी मराठी ऐकू येऊ लागते. पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून मुलाकडे किंवा मुलीकडे काही आठवड्यांसाठी आलेले आई-वडील तेथे फेऱ्या मारीत असतात. काही जण मुलाच्या प्रायोजकत्वावर वर्षावर्षाच्या निवासी व्हिसाने कायमचेच आलेले असतात. १९९७ पासून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत कारखाने, गोदामे, कामगारांच्या खोल्या आणि कुटुंबांची घरे एकमेकांच्या शेजारी आहेत. रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे आणि मेट्रोचे स्थानकही झाले आहे. म्हातारपणी राहायला जागा गैरसोयीची नाही.

या पाहुण्यांच्या सामानात बहुधा एक फाइल असते. तिच्यात औषधांच्या चिठ्ठ्या, जुने ईसीजी, साखरेचे अहवाल आणि प्रवासविम्याचा कागद असतो. मायदेशी कपाटात दुसरी फाइल असते आणि ती अधिक परिपूर्ण असते. मृत्युपत्र झालेले असते, बँकेत व सोसायटीत नामनिर्देशन केलेले असते, कित्येकांनी नेत्रदानाचा किंवा देहदानाचा अर्जही भरून ठेवलेला असतो. डोंबिवलीच्या दधिची देहदान मंडळासारख्या संस्थांनी महाराष्ट्रात देहदानाचा विचार घराघरांत नेला आहे. मृत्यूविषयी बोलायला मराठी ज्येष्ठ घाबरतात, असे म्हणणे म्हणूनच पूर्ण खरे नाही. आपल्या मृत्यूनंतर काय व्हावे, याची व्यवस्था त्यांनी अनेकदा मुलांपेक्षा अधिक शांतपणे केलेली असते.

दोन्ही फायलींत नसतो तो एकच कागद : मृत्यूच्या आधीचे दिवस किंवा आठवडे कसे जावेत, शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे सांगणारा. या कागदाला वैद्यकीय इच्छापत्र किंवा लिव्हिंग विल म्हणतात. मृत्युपत्र माणूस गेल्यानंतर अमलात येते, वैद्यकीय इच्छापत्र तो जिवंत असताना. दुबईत २०१५ पासून डीआयएफसीच्या मृत्युपत्र नोंदणी सेवेत अनेक भारतीयांनी आपली मालमत्ता आणि अज्ञान मुलांचे पालकत्व यांची नोंद केली आहे. मात्र त्या नोंदणीचा व्हेंटिलेटरशी काही संबंध नाही.

ज्येष्ठ नेमके काय म्हणतात

आगाऊ नियोजनाचा विषय काढला की मराठी घरांत साधारणपणे चार प्रकारची उत्तरे मिळतात. ती वरवर टाळाटाळ वाटतात. नीट ऐकली तर प्रत्येकात एक भूमिका असते.

पहिले उत्तर : ‘अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ ही श्रद्धा जुनी आहे आणि तिच्याशी वाद घालून काही साधत नाही. पण हीच मंडळी दिवेलागणीला अनायास मरण मागतात. खितपत पडू नये, परावलंबी होऊ नये, ही त्यांची रोजची प्रार्थना असते. म्हणजे इच्छा आहे आणि ती उच्चारलीही जाते. फक्त ती देवाला सांगितली जाते, डॉक्टरांना नाही.

दुसरे उत्तर : ‘नळ्या लावून ठेवू नका.’ हे वाक्य शेजारच्या कोणाच्या तरी शेवटाची हकीकत ऐकल्यावर निघते. ते मनापासूनचे असते. पण अपुरे असते. न्यूमोनियासाठी चार दिवस लावलेली आणि पुढे काढता येणारी नळी नको आहे, की बरे होण्याची आशा संपल्यावर लावलेली नको आहे? या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला तो फरक आईच्या त्या एका वाक्यातून कळत नाही.

तिसरे उत्तर : ‘तुम्हीच काय ते ठरवा.’ पाश्चात्त्य देशांतील इच्छापत्राची कल्पना व्यक्तीच्या स्वायत्ततेवर उभी आहे. आपल्याकडे निर्णय घराचा असतो. एखाद्या आजींना खरोखरच निर्णयाचे ओझे नको असते, आणि विश्वासाने दुसऱ्यावर सोपवणे हीही निवडच आहे. प्रश्न इतकाच, की ‘तुम्ही’ म्हणजे कोण? दुबईतला मुलगा, पुण्यातली मुलगी, की रोज औषधे देणारी सून? नाव न घेतल्याने विश्वास सर्वांवर वाटला जातो आणि वाद सर्वांमध्ये.

चौथे उत्तर कमी ऐकू येते, कारण ते उच्चारायला संकोच वाटतो : ‘मला जगायचे आहे, सगळे करा.’ नातवाची मुंज पाहायची असते, पतीच्या मागे आणखी काही वर्षे काढायची असतात. नियोजन म्हणजे उपचारांना नकार, असा समज पसरल्यामुळे ही इच्छा बाळगणारे ज्येष्ठ चर्चेतूनच बाहेर राहतात. वस्तुतः ‘हवे’ हेदेखील लिहून ठेवता येते.

‘इच्छामरण’ या शब्दाने केलेला घोळ

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न व औषध थांबवून देह ठेवला. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात तोच मार्ग स्वीकारला. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सोसायटी फॉर द राइट टू डाय विथ डिग्निटी ही संस्था स्थापन केली. प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ मध्ये विधान परिषदेत या विषयावरील विधेयक मांडले. गिरगावातील लवाटे या वृद्ध दाम्पत्याने तर कोणताही दुर्धर आजार नसताना मरणाची परवानगी राष्ट्रपतींकडे मागितली, आणि त्याची देशभर चर्चा झाली.

या साऱ्यांसाठी वर्तमानपत्रांनी एकच शब्द वापरला : इच्छामरण. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या. अन्नत्याग हा व्यक्तीचा आध्यात्मिक निर्णय. डॉक्टरांनी औषध देऊन जीवन संपवणे हा भारतात आणि अमिरातीतही गुन्हा. आणि बरे होण्याची शक्यता उरलेली नसताना केवळ शरीर चालू ठेवणारे उपचार न करणे किंवा थांबवणे, ही तिसरी गोष्ट. वैद्यकीय इच्छापत्राचा संबंध फक्त या तिसऱ्या गोष्टीशी आहे. ज्येष्ठांच्या मनातील निम्मी भीती हा भेद स्पष्ट केल्याने दूर होते.

या प्रश्नाची सर्वांत वेदनादायक बाजू परळच्या केईएम रुग्णालयात दिसली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्या पुन्हा कधी पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे कृत्रिम पोषण थांबवावे अशी याचिका केली. केईएमच्या परिचारिकांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण निष्क्रिय इच्छामरणाला कठोर अटींवर तत्त्वतः मान्यता दिली. परिचारिकांनी अरुणाताईंची शुश्रूषा शेवटपर्यंत केली आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्या खटल्यात दोन्ही बाजूंना अरुणाताईंविषयी कळकळ होती. नव्हता तो त्यांचा स्वतःचा शब्द. हल्ल्याच्या वेळी त्या २५ वर्षांच्या होत्या. त्या वयात असे काही कोण लिहून ठेवतो? सत्तरीतल्या माणसाला मात्र ती सबब उरत नाही.

भारतात आज कायदा काय आहे

९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असल्याने ती सोय बव्हंशी कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने प्रक्रिया सुलभ केली. तिची ठळक वैशिष्ट्ये अशी :

— इच्छापत्र करणारी व्यक्ती सज्ञान, सुबुद्ध आणि कोणत्याही दडपणापासून मुक्त असावी.

— दस्तऐवज लेखी असावा. तो दोन साक्षीदारांसमोर, शक्यतो नात्यात नसलेल्या, सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावा.

— आपण बोलू शकलो नाही तर निर्णयात कोणी सहभागी व्हावे, अशा एकाहून अधिक पालकांची वा निकटच्या नातेवाइकांची नावे त्यात द्यावीत.

— प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याला द्यावी.

— इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता किंवा बदलता येते.

हा कागद दाखवला की लगेच यंत्र बंद होते, असे मात्र नाही. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तरच त्याचा विचार होतो. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरांसह दुसरे मंडळ ते तपासते. दोन्ही मंडळे सहमत झाल्यावर रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते आणि मगच निर्णय अमलात येतो. नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात जाता येते. इच्छापत्र नसले तरी याच दोन मंडळांमार्फत, कुटुंबाच्या संमतीने असा निर्णय होऊ शकतो. पण तेव्हा निर्णयाचा भार पूर्णपणे नातेवाइकांवर पडतो.

अभिरक्षक नेमण्याची जबाबदारी अनेक ठिकाणी बराच काळ रेंगाळली होती. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यात नेमणुका झाल्या. मुंबई महापालिकेने विभाग कार्यालयांतील आरोग्य अधिकाऱ्यांवर हे काम सोपवले. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी राज्यातले पहिले इच्छापत्र नोंदवले. न्यायाधीशानेच स्वतःसाठी हा कागद करावा, यामुळे अनेकांच्या मनातील संकोच कमी झाला.

दुबईत मुक्काम असताना

भारतीय न्यायालयाचे निर्देश अमिरातीतील रुग्णालयांना बांधील नाहीत. येथे वैद्यकीय दायित्वाविषयीचा २०१६ चा संघीय कायदा क्रमांक ४ लागू होतो. त्याचे कलम १० रुग्णाने किंवा नातेवाइकांनी विनंती केली तरी जीवन संपवण्यास मनाई करते. कलम ११ मरणोन्मुख रुग्णाच्या बाबतीत हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, म्हणजे सीपीआर, न करता नैसर्गिक मृत्यू येऊ देण्याची मुभा देते. त्यासाठी आजार असाध्य असावा, सर्व उपचार संपलेले व निरुपयोगी ठरलेले असावेत, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा तसा सल्ला असावा आणि किमान तीन सल्लागार डॉक्टरांचे त्यावर एकमत असावे.

या कलमातील दोन गोष्टी मराठी कुटुंबांनी लक्षात घेण्याजोग्या आहेत. या अटी पूर्ण झाल्यास रुग्णाची वा नातेवाइकांची संमती आवश्यक नाही. आणि रुग्णाने स्पष्टपणे मागणी केली असेल, तर उपयोग नसला तरी सीपीआर नाकारता येत नाही. म्हणजे ‘सगळे करा’ हा शब्द येथे कायद्याने जपला आहे. ‘नको’ हा आगाऊ लिहिलेला शब्द मात्र एकटा निर्णायक ठरत नाही. तो डॉक्टरांच्या निर्णयाला पूरक ठरतो. शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या संमतीखेरीज उपचार करू नयेत हा सर्वसाधारण नियम आहेच, तातडीचा प्रसंग सोडून.

मग येथे इच्छापत्राचा उपयोग काय? तो कुटुंबाला होतो. ९९८ वर फोन केल्यानंतर रुग्णवाहिका येईल आणि तातडीचे उपचार सुरू होतील. ते तसेच व्हायला हवेत. खरा प्रश्न पुढच्या तीन-चार दिवसांत उभा राहतो. डॉक्टर ‘पुढे काय करायचे’ असे विचारतात तेव्हा आईचे म्हणणे काय होते, हे तिच्याच सहीनिशी दाखवता येते. स्थिती स्थिर असताना तिला मायदेशी न्यायचे का, हेही तेव्हाच ठरवावे लागते. मुंबई विमानाने तीन तासांवर आहे. पण स्ट्रेचरवरील रुग्णासाठी विमान कंपनीची वैद्यकीय परवानगी, अनेक आसनांची जागा आणि सोबत वैद्यकीय कर्मचारी लागतो. हा निर्णय उशिरा घेतला तर तो घेण्याजोगा उरत नाही.

खर्चाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०१३ च्या कायद्याने दुबईतील रहिवाशांना आरोग्यविमा सक्तीचा आहे. त्यातील मूलभूत योजनेची वार्षिक मर्यादा दीड लाख दिरहम आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्यांच्या प्रवासविम्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात. ज्येष्ठांना हे माहीत असते, आणि ‘मुलाला कर्जात घालून जायचे नाही’ हे वाक्य त्यातूनच येते. येथे सावध राहायला हवे. मुलाच्या घरात, मुलाच्या व्हिसावर आणि मुलाच्या पैशावर राहणाऱ्या आईने ‘काही नको’ म्हणणे ही तिची इच्छा आहे की भिडस्तपणा? निर्णय दडपणापासून मुक्त हवा, हा न्यायालयाचा आग्रह अशाच परिस्थितीसाठी आहे. म्हणून हे बोलणे रुग्णालयाचे बिल समोर असताना होऊ नये, आणि शक्य असल्यास कुटुंबाबाहेरच्या डॉक्टरांसमोर व्हावे.

अभ्यासांतून काय दिसते

‘आईच्या मनातले आम्हाला कळते’ असे प्रत्येक घराला वाटते. २००६ मध्ये १६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा रुग्णाला काय हवे असेल याचा जवळच्या माणसांनी केलेला अंदाज सुमारे ६८ टक्के वेळाच बरोबर ठरला. म्हणजे दर तीन निर्णयांपैकी जवळजवळ एक चुकीचा.

मेलबर्नमध्ये ८० वर्षे आणि त्यापुढील ३०९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी प्रशिक्षित व्यक्तींनी आधी सविस्तर चर्चा केली होती, त्यांच्यापैकी सहा महिन्यांत निधन पावलेल्यांत ८६ टक्के रुग्णांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. ज्यांच्याशी अशी चर्चा झाली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होते. नियोजन केलेल्यांच्या नातेवाइकांना नंतर ताण, चिंता आणि नैराश्य कमी जाणवले. या अभ्यासात केंद्रस्थानी चर्चा होती. कागद हे तिचे फलित होते.

सीपीआरविषयीचा गैरसमजही दूर व्हायला हवा. अमेरिकेतील रुग्णालयांत सीपीआर दिलेल्या ६५ वर्षांवरील सव्वाचार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २००९ मध्ये तपासल्या गेल्या; त्यांपैकी सुमारे १८ टक्के जिवंत घरी वा अन्य सेवाकेंद्रात जाऊ शकले. हा आकडा नकार देण्यासाठी नाही, आणि आशा सोडण्यासाठीही नाही. चित्रपटातील दृश्यावरून निर्णय होऊ नये, इतकाच त्याचा उपयोग.

परदेशस्थ मुलांनी स्वतःकडेही पाहावे. १९९१ मध्ये डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ या नावाने एका अनुभवाचे वर्णन केले : दूरवरून अखेरच्या दिवसांत पोहोचलेली संतती सर्वांत आक्रमक उपचारांचा आग्रह धरते आणि रोजची सेवा करणाऱ्यांनी घेतलेला निर्णय मोडते. महाराष्ट्रातील कोणत्याही अतिदक्षता विभागात हे दृश्य ओळखीचे वाटेल. तेथे ती व्यक्ती दुबईहून आलेली असते. त्या आग्रहामागे प्रेम असते, आणि इतकी वर्षे जवळ नव्हतो ही बोचही असते. ती बोच आईच्या छातीवर उतरवायची नसते.

सुरुवात कोठून करावी

विषय थेट काढणे जड जात असेल तर कोणाच्या तरी आजारपणाच्या निमित्ताने विचारावे : ‘त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते?’ अनेकदा मुलांनी आधी स्वतःचे इच्छापत्र केले की आई-वडिलांशी बोलणे सोपे होते. मग ते म्हातारपणाचे लक्षण न राहता घराचा नियम होतो. ‘व्हेंटिलेटर हवा का’ हा पहिला प्रश्न असू नये. पुढील प्रश्न अधिक उपयोगी पडतात :

— कोणत्या गोष्टी करता येत असतील तोवर जगणे जगण्यासारखे वाटेल? माणसे ओळखणे, स्वतःच्या हाताने जेवणे, बोलणे?

— बरे होण्याची शक्यता असेल तर किती दिवस कठीण उपचार सहन करायची तयारी आहे?

— शेवट घरी व्हावा की रुग्णालयात? भारतात की येथे?

— वेदना कमी करताना गुंगी आली तर चालेल का?

— आमच्यात मतभेद झाला तर कोणाचा शब्द अंतिम मानावा?

उत्तरे त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून घ्यावीत. सोबत इंग्रजी भाषांतर ठेवावे, कारण येथील डॉक्टरांना ते लागेल. कायदेशीर दस्तऐवज भारतभेटीत नोटरीसमोर करणे सर्वांत सोयीचे. प्रती दोन्ही देशांतील भावंडांकडे असाव्यात, आणि प्रवासाच्या फाइलमध्ये एक. दर एक-दोन वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या आजारानंतर तो पुन्हा वाचावा. माणसाचे मत बदलते आणि बदलण्याचा त्याला अधिकार आहे.

उपचार थांबवणे म्हणजे सेवा थांबवणे नव्हे, हेही ज्येष्ठांना सांगायला हवे. वेदना, धाप, अस्वस्थता यांवरील उपशामक उपचार अखेरपर्यंत चालतात. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात १९८६ पासून आणि पुण्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये १९९७ पासून कर्करुग्णांसाठी हेच काम होत आहे. ‘काही करू नका’ आणि ‘त्रास होऊ देऊ नका’ या दोन वाक्यांतले दुसरे ज्येष्ठांना बहुधा अधिक मनापासून म्हणायचे असते.

मार्च सरला की तळ्याकाठची ही मंडळी परतीची तयारी करू लागतात. बॅगेत खजूर, केशर आणि नातवंडांनी काढलेली चित्रे जातात. निघण्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी, चहा झाल्यावर, वरील पाच प्रश्नांपैकी एक जरी विचारला गेला तरी पुष्कळ. उत्तर ‘तुम्हीच ठरवा’ असे आले, तर ‘आमच्यापैकी कोणी?’ एवढेच पुढे विचारावे, आणि ते नाव लिहून ठेवावे.